गोगलगायीची डावी बाजू

मानवी ज्ञानाच्या भांडारात मौलिक भर घालणारी माणसं एका शतकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जन्माला येतात, आणि त्यांतले एक सहा वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहत होते. हे वाक्य माझं नाही. भाईंदरच्या आमच्या छोट्या वाचनालयात सरांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरेटच्या गाईडनी ते व्यासपीठावरून उच्चारलं. व्यासपीठ म्हणजे दोन बाकं जोडून वर घातलेली सतरंजी. मौलिक भर कोणती, तेही त्यांनी सांगितलं. भातशेतातल्या पाण्यात जी गोगलगाय असते तिला दोन लाळग्रंथी असतात, एक डावी आणि एक उजवी. सरांनी आठ वर्षं सूक्ष्मदर्शकातून पाहून असं शोधून काढलं होतं, की डाव्या ग्रंथीत एक अशी पेशी आहे जी उजव्या ग्रंथीत नाही.

अध्यक्षस्थानी आमचे चाळमालक होते, कारण बाकं त्यांची होती. जुनं घराणं, वडिलांच्या वेळेपासूनची मिठागरं आणि भातशेती. ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "म्हंजे गोगलगायची थुकी?"

मी हो म्हटलं.

"आठ वर्सं?"

मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी सरांकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात आदर होता, फक्त कशाबद्दल ते सांगता आलं नसतं. अध्यक्षीय भाषणात त्यांनी एवढंच सांगितलं की, त्या गोगलगायी त्यांच्याच शेतातल्या आहेत. टाळ्या त्या वाक्याला पडल्या.

ही गोष्ट साठीच्या दशकाच्या अखेरीची. मी रत्नागिरीकडून येऊन मुंबईत एका इंजिनिअरिंग कंपनीत ट्रेसर म्हणून लागलो होतो. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या यंत्राच्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद पसरायचा आणि शाईनं गिरवायचा, हे माझं काम. राहायला भाईंदर, कारण तिथे खोली परवडत होती. सर मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. आपण भाईंदरला गोगलगायींसाठी राहतो, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगत, भाड्यासाठी. दोघंही खरं बोलत होते.

सर डावखुरे होते आणि प्रत्येक गोष्ट डावीकडून सुरू करत. आधी डावी चप्पल, आधी डावी बाही. मिशीसुद्धा डावीकडून कापायला घेत. त्यामुळे डावी बाजू नेहमी रेखीव असे आणि उजवीकडे येईपर्यंत कॉलेजची वेळ झालेली असे. सहा वर्षांत त्यांची उजवी मिशी मी धड पाहिली नाही. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. उरलेलं उद्या करू, असं ते म्हणत, आणि उद्या पुन्हा डावीकडून सुरुवात होई.

त्यांचं मोजण्याचं एकक म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. लाळग्रंथी मेणात बसवायची आणि त्या मेणाचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर सात-सात मायक्रॉन जाडीचे छेद घ्यायचे, हा त्यांचा आयुष्यक्रम. त्यामुळे जाडीबद्दलच्या त्यांच्या कल्पना बिघडल्या होत्या. वहिनींनी केलेलं घावन ते उजेडासमोर धरून पाहत आणि मग खात. काकडीच्या चकत्या पाहून उसासा टाकत. एकदा माझ्या आईनं गावाहून पोह्याचे पापड पाठवले, तेव्हा एक पापड डोळ्यांसमोर धरून ते म्हणाले, "बाईंचा हात चांगला आहे." आईला मी हे पत्रानं कळवलं. तिनं पुढच्या वेळी दुप्पट पाठवले.

बोलण्यात त्यांची दोनच ठरलेली वाक्यं होती. चाळीत कुणी कशाबद्दलही ठासून बोललं, दूधवाला पाणी घालतो म्हणा किंवा सरकार पडणार म्हणा, की सर शांतपणे विचारत, "छेद घेऊन पाहिलात का?" दुसरं वाक्य माणसांबद्दलचं. काचपट्टीवरच्या छेदाला रंग दिला की काही पेशी तो धरतात, काही धरत नाहीत. सर माणसांचीही तशीच वर्गवारी करत. "हा रंग धरत नाही," असं ते ज्याच्याबद्दल म्हणत त्याच्याशी पुन्हा फारसं बोलत नसत. त्यांच्या गाईडबद्दल मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "त्यांना कोणताही रंग चालतो."

पण चाळीत सर प्रसिद्ध होते ते पाण्यामुळे.

भाईंदरला तेव्हा गोड्या पाण्याचे हाल होते. मालकांच्या विहिरीचं पाणी कपडे-भांड्यांपुरतं. प्यायचं लांबून आणावं लागे. मुंबईत नोकरी करणारे काही जण तिकडून येताना बाटली भरून आणत. एकटे सर असे होते, जे भाईंदरचं खारं पाणी डब्यात भरून मुंबईला नेत.

याला कारण होतं. छेदाला रंग देतात तेव्हा तो आधी तांबूस-जांभळा दिसतो. मग तो पाण्यात धुतला की निळा होतो. हा निळेपणा नीट यायला पाणी किंचित क्षारयुक्त लागतं. इतर कॉलेजांत त्यासाठी पाण्यात काहीबाही मिसळत, पण सरांचं म्हणणं असं की, आमच्या विहिरीच्या पाण्यासारखा निळा दुसऱ्या कशानं येत नाही. दर सोमवारी ते पत्र्याचा पाच लिटरचा डबा भरून नेत आणि शनिवारी उरलंसुरलं ओतून रिकामा परत आणत. एवढ्याशा पाण्यात मी आख्खा आठवडा काढतो, हे ते अभिमानानं सांगत.

"खारं हाय ते, मास्तर," मालक त्यांना दर सोमवारी विहिरीवर सांगत. "गुरं पन तोंड लावत न्हाय."

"म्हणून तर," सर दर सोमवारी उत्तर देत.

वहिनींचं त्या पाण्याशी वैर होतं. "भावोजी, डाळ शिजत नाही हो यात," त्या मला म्हणत. तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा न दाणा वेगळा. प्यायच्या पाण्यात डाळ शिजवायची तर प्यायला काय ठेवायचं, हा प्रश्न. सरांना डॉक्टरेट मिळाली की लेक्चररची जागा मिळणार होती, आणि लेक्चररला कॉलेजच्या आवारात क्वार्टर, आणि क्वार्टरमध्ये नळ. वहिनींना गोगलगायीच्या लाळेत अजिबात रस नव्हता, पण सरांच्या प्रबंधाची त्यांच्याइतकी वाट कुणी पाहिली नसेल. टाइप केलेलं प्रत्येक प्रकरण त्या हातात घेऊन वजन पाहत. वाचत नसत.

डब्याची एक हकीकत चाळीत पुढे कित्येक वर्षं सांगितली जाई. ते दारूबंदीचे दिवस होते, आणि आमच्या खाडीच्या बाजूनं मुंबईला जे डबे जात त्यांत पाणी क्वचितच असे. एका सोमवारी हवालदारानं सरांना स्टेशनवर उतरवून घेतलं. डब्यात काय आहे? पाणी. कुठून आणलं? भाईंदरहून. कुठे चाललंय? मुंबईला. हवालदारानं विचारलं, मुंबईत पाणी नाही का? सर म्हणाले, आहे, पण ते गोड आहे.

हवालदारानं झाकण काढून वास घेतला, मग बोट बुडवून चाटलं आणि थुंकला. सरांनी उत्सुकतेनं विचारलं की, आधी खारट लागलं की आधी कडू. इथवर सगळं ठीक होतं. खारं पाणी नेणं गुन्हा नाही, आणि हवालदार वैतागून त्यांना सोडूनही देत होता. पण सरांचा एक दोष होता. खोटं तर ते बोलत नसतच, पण अर्धवट उत्तर देऊन गप्प बसणंही त्यांना जमत नसे. जाता जाता ते म्हणाले, "अल्कोहोल हवं असेल तर ते या दुसऱ्या पिशवीत आहे."

होतंच. प्रयोगशाळेचं, परवान्यासहित, ग्रंथीतलं पाणी काढून टाकण्यासाठी. परवान्याची शहानिशा व्हायला दुपार झाली. सर त्या दिवशी कॉलेजात पोचले तेव्हा त्यांना बिनपगारी रजा लागली होती. आपलं काय चुकलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "त्याला तेच हवं होतं ना?" असं ते मला विचारत होते.

एकदा चाळीतले दिवे गेले आणि रॉकेलही संपलं होतं, तेव्हा वहिनींनी फडताळातल्या मेणाच्या चार वड्या वितळवून वाटीत वात लावली. उजेड चांगला पडला. आम्ही सगळे तिथेच जेवलो. सर आले, त्यांनी फडताळ पाहिलं, वाटी पाहिली आणि जेवायला बसले. आमटी घेताना म्हणाले, "दोन डाव्या आणि दोन उजव्या होत्या." वहिनींचा घास हातातच राहिला. सरांनी त्यांच्याकडे न बघता पुढचा घास घेतला, आणि मग वाटीकडे बघून म्हणाले, "काजळी धरत नाही. चांगलं मेण आहे."

माझा आणि गोगलगायीचा संबंध रेघेमुळे आला. मी घरी एक नकाशा गिरवत बसलो होतो. सर काहीतरी मागायला आले आणि ते विसरून माझ्या हाताकडे पाहत उभे राहिले. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, न आली तर साहेब कागद फाडतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक माझ्या खिडकीत आला.

त्या सूक्ष्मदर्शकाला आरशाचं एक खटलं जोडलं की एकाच डोळ्याला काचपट्टीवरचा छेद आणि शेजारचा कागद दोन्ही एकावर एक दिसत. दिसेल ते पेन्सिलीनं गिरवायचं. म्हणजे माझंच काम, फक्त नकाशाच्या जागी गोगलगाय. रविवारी सकाळी उन्हं खिडकीत आली की मी बसत असे. डाव्या ग्रंथीचे छेद सुंदर होते. द्राक्षाच्या घोसासारखे पुंजके, मधून जाणारी नळी, आणि पुंजक्यांच्या कडेला त्या प्रसिद्ध पेशी, शाईचा थेंब पडावा तशा निळ्याशार. मी त्या ठिपक्या-ठिपक्यांनी काढल्या. सरांनी ती आकृती पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही रंग धरता." मला बोनस मिळाल्यासारखं वाटलं.

गोगलगायीबद्दल ते मला खूप सांगत. माणूस डावीकडे-उजवीकडे सारखा असतो म्हणून त्याला वाटतं जग तसंच आहे. गोगलगाय लहानपणीच अंगाला अर्धा पीळ घालते. तिचं ढुंगण फिरून डोक्यावर येतं. "डावं म्हणजे उजव्याचं प्रतिबिंब, हे तुमच्या यंत्रात," ते म्हणत. "तिच्यात नाही. तिची प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे पाहावी लागते." मी मान डोलवत असे. मान डोलवताना माणूस ऐकतच असतो असं नाही.

आता माझी चूक. आमच्या ऑफिसात दोन्ही बाजूंनी सारखा असणारा भाग काढायचा तर मधोमध एक तुटक रेघ मारायची, डावी बाजू काढायची, कागद उलटा करायचा आणि तीच बाजू उजवीकडे गिरवायची. याला कुणी लबाडी म्हणत नसे. याला काम येणं म्हणत. श्रावणात कंपनीत ओव्हरटाइम सुरू होता. सरांना उजव्या ग्रंथीची आकृती घाईनं हवी होती, कारण प्रबंध दिवाळीच्या आत द्यायचा होता आणि त्याच वर्षी क्वार्टर रिकामी होणार होती. उजव्या ग्रंथीच्या काचपट्ट्या पाहिल्या तर त्या सगळ्या फिकट, गुलाबीसर, कडा न कळणाऱ्या. तासभर डोळा लावून बसलो. मग मी मधोमध तुटक रेघ मारली आणि कागद उलटा केला.

आकृती फारच देखणी झाली. सरांनी हातात धरून पाहिली, वहिनींना दाखवली, मालकांना दाखवली. मालक म्हणाले, "फुलपाखरू हाय जसं." कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सरांच्याही नाही. माणूस आठ वर्षं जे पाहत असतो ते कागदावर पुन्हा पाहत नाही.

लक्षात आलं ते माझ्या, आणि तेही नावं लिहिताना. प्रत्येक भागापासून एक रेघ बाहेर काढून तिच्या टोकाला नाव लिहायचं असतं. सरांनी यादी दिली होती. डाव्या बाजूला नऊ नावं आणि नऊ रेघा. उजव्या बाजूला रेघा नऊ आणि नावं आठ. एक रेघ एका निळ्या ठिपक्यापासून निघून कोऱ्या कागदावर जाऊन थांबली होती. तिच्यापुढे काय लिहावं हे पाहायला मी टाइप केलेलं प्रकरण उघडलं. तिथे अधोरेखित वाक्य होतं: उजव्या ग्रंथीत ही पेशी आढळत नाही.

दोन दिवस मी सरांना टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. कागद उलटा करण्याची पद्धत त्यांनी माझ्याकडून समजून घेतली, आणि ती सोयीची आहे असं कबूल केलं. मग म्हणाले, "उजवी पुन्हा काढू. पट्ट्या फिकट आहेत हे तुमचं खरं आहे. नव्या करतो."

गणपतीची सुट्टी लागली होती. उजव्या ग्रंथीचे छेद त्यांनी कॉलेजात घेऊन ठेवले होते. फक्त रंग द्यायचा राहिला होता. एरवी रंग देण्याचं काम प्रयोगशाळेत होई. या वेळी कॉलेज बंद, म्हणून रंगाच्या बाटल्या ते घरी घेऊन आले, आणि मागच्या दारी पाटावर बसून विहिरीवरून काढलेल्या बादलीभर पाण्यात त्यांनी काचपट्ट्या धुतल्या. मी खिडकीत आरसा लावून बसलो होतो. पहिली पट्टी त्यांनी दिली. मी डोळा लावला.

"सर, इथे आहेत," मी म्हटलं.

"काय?"

"त्या."

त्यांनी मला बाजूला सारलं. बराच वेळ पाहिलं. मग दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली, अशा बाराही लावल्या. आतून वहिनींनी दोनदा चहा झाल्याचं सांगितलं. प्रत्येक पट्टीत, पुंजक्याच्या कडेला, शाईचे थेंब पडावेत तशा निळ्याशार पेशी होत्या. सर सूक्ष्मदर्शकापासून उठले आणि माझ्या आकृतीपाशी गेले.

"तुमची आकृती बरोबर आहे," ते म्हणाले.

"सर, मी कागद उलटा केला होता."

"असू दे. तिनंही तेच केलंय."

आठ वर्षं ज्या पेशी उजवीकडे नव्हत्या त्या एका सकाळी कुठून आल्या, हे कोडं फार दिवस टिकलं नाही. सुट्टी संपल्यावर सर मला घेऊन कॉलेजात गेले. का नेलं ते मला ठाऊक नाही; बहुधा साक्षीदार म्हणून. प्रयोगशाळेचा हमाल आमच्याच रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, साधा माणूस. बाकावर पत्र्याचा डबा होता. शुक्रवार असूनही निम्म्याहून जास्त भरलेला. सरांनी डब्याकडे असं पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच दिसतोय.

"हा कधी रिकामा होतो?" त्यांनी हमालाला विचारलं.

हमालाला वाटलं आपलं कौतुक होतंय. तो म्हणाला, "मंगळवारीच संपतो, सर. पण तुमचा काम अडायला नको म्हणून मी नळाचा भरून ठेवतो. येवढ्या वर्षांत तुम्हाला कधी रिकामा मिळाला काय?"

सर म्हणाले, "नाही. कधीच नाही." आणि त्यांनी त्याचे आभार मानले.

घरी येताना हिशेब लागला. सर डावीकडून सुरुवात करत. सोमवारी आणि मंगळवारी डावी ग्रंथी, बुधवारपासून उजवी. डाव्या ग्रंथीनं आठ वर्षं भाईंदरचं पाणी पाहिलं होतं आणि उजवीनं मुंबईचं. मुंबईच्या गोड्या पाण्यात त्या पेशी निळ्या होतच नव्हत्या. शेजारच्या पेशींत मिसळून गुलाबी राहत होत्या. मौलिक भर ती एवढीच.

गाईडना ते सांगायला गेले तेव्हा काय झालं हे मला सरांकडूनच कळलं. गाईडनी आधी दार लावून घेतलं. एका परिषदेत आपण हा शोध जाहीर केला आहे, सत्कार होऊन गेला आहे, प्रबंधाच्या पाचही प्रती टाइप झाल्या आहेत, याची त्यांनी आठवण करून दिली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि भाईंदरच्या विहिरीचं पाणी परीक्षकाकडे येणार आहे कुठून?"

हे बिनतोड होतं. निळ्याबद्दलचं सरांचं म्हणणं खरं धरलं तर जगात कुणीही उजव्या ग्रंथीत ती पेशी पाहू शकलं नसतं, फक्त आमच्या चाळीच्या मागच्या दारी पाटावर बसलेला माणूस सोडून. सरांनी गप्प बसायचं एवढंच होतं, पण ते त्यांना जमत नव्हतं, हे हवालदाराच्या वेळी सिद्ध झालं होतंच. अडचण वहिनींची होती. निष्कर्ष बदलायचा म्हणजे चार प्रकरणं पुन्हा लिहायची, पुन्हा टाइप करायची. दिवाळी हुकणार, क्वार्टर हुकणार. सरांनी त्यांना हे कसं सांगावं म्हणून मला बरोबर बसवलं, आणि सांगायला सुरुवात केली ती गोगलगायीच्या बालपणापासून.

वहिनी डाळ निवडत होत्या. त्यांनी पिळापर्यंत ऐकून घेतलं आणि मधेच विचारलं, "त्या उजवीकडे आहेत का?"

"आहेत," सर म्हणाले.

"छेद घेऊन पाहिलात?"

"बारा."

वहिनींनी ताट थोडं झटकलं, एक खडा उचलून बाहेर टाकला. "मग आहेत असं लिहा," त्या म्हणाल्या. "एक वर्ष आणखी चावून खाऊ."

संध्याकाळी विहिरीवर त्या ओढत असलेल्या रहाटाचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत होता.

त्या वर्षीची क्वार्टर दुसऱ्या कुणाला गेली. सर वर्षभर लिहीत होते. डबे दोन झाले. सोमवारी एक आणि बुधवारी एक. हमालाला त्यांनी नळाचं पाणी घालू नये असं सांगितलं, आणि त्यानं ते मनाला लावून घेतलं. दोन्ही ग्रंथींचे छेद त्यांनी एकाच पाण्यात धुतले आणि तीनशे पानांत असं सिद्ध केलं की, गोगलगायीची डावी लाळग्रंथी आणि उजवी लाळग्रंथी अगदी सारख्या असतात. मला भीती होती की, यावर डॉक्टरेट कोण देणार. ती विनासायास मिळाली. काही नवं सापडलं असतं तर परीक्षकांनी शंका काढल्या असत्या. काहीच सापडलं नाही म्हटल्यावर सगळे लगेच सहमत झाले. वाचनालयात पुन्हा सत्कार झाला, तीच बाकं, तीच सतरंजी. गाईड म्हणाले की, दोन्ही ग्रंथी सारख्या आहेत हे यापूर्वी कुणीही सप्रमाण सिद्ध केलेलं नव्हतं. हे खरंच होतं. त्या वेगळ्या आहेत असं यापूर्वी त्यांच्याशिवाय कुणी म्हटलंच नव्हतं.

मालक या वेळीही अध्यक्ष होते. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "आता दोन्ही बाजू सारक्या?"

मी हो म्हटलं.

"मंग मागच्या बारीला टाळ्या कशाला मारल्या?"

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला सर क्वार्टरमध्ये राहायला गेले. सामान टेम्पोत चढलं तेव्हा वहिनींनी मला पत्ता दिला आणि आमटी खायला यायचं आमंत्रण दिलं. मी गेलो. डाळ इतकी शिजली होती की ताटात शोधावी लागत होती. सर जेवता जेवता हळूच म्हणाले, थोडी कमी चालली असती. मग शनिवारी येतो म्हणाले, डबे घेऊन. पुढे तीन-चार वर्षं ते येत राहिले. मालक त्यांना पाणी काढून देत आणि गुरांबद्दलचं वाक्य ऐकवत. एका वर्षी ती विहीर बुजवून तिथे इमारतीचा पाया खणला गेला. सर आले, त्यांनी खड्डा पाहिला, दोन्ही डबे पुन्हा उचलले आणि गेले. त्यानंतर त्यांनी कशावर काम केलं ते मला ठाऊक नाही. मिशी दोन्हीकडून नीट कापलेली असते, असं वहिनींनी एका पत्रात लिहिलं होतं.

प्रबंध कुठल्याशा ग्रंथालयात असेल. माझी आकृती मात्र सुटली. गाईडनी बी.एस्सी.साठी एक पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात ती घेतली, खाली स्वतःचं नाव घालून. कोऱ्या राहिलेल्या नवव्या रेघेपुढे आता नाव आहे. दर वर्षी शेकडो मुलं ती पाठ करतात. 'गोगलगायीच्या लाळग्रंथींची नामनिर्देशित आकृती काढा,' असा प्रश्न ठरलेला असतो, गुण चार.

माझी धाकटी बहीण शिकायला माझ्याकडे आली तेव्हा तिलाही तो आला. तिनं प्रयोगशाळेत दोन्ही ग्रंथींचे छेद स्वतः पाहिले होते आणि कागद उलटा न करता दोन्ही बाजू जशा दिसल्या तशा काढल्या. तिला चारपैकी अडीच मिळाले. दोन्ही बाजू सारख्या आल्या नव्हत्या.